साडूला दिलेला एक तारा

माझ्या साडूला मी एक तारा दिला, ही गोष्ट खरी आहे. शून्य देण्याची सोय त्या ॲपमध्ये नाही म्हणून एक दिला. या गोष्टीचा मला आता थोडा पश्चात्ताप होतो, पण पुरता होत नाही. आणि हे सगळं मी मत्सरापोटी केलं असं जे नातेवाईक म्हणतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मत्सर नव्हता असं मी कधीच म्हटलेलं नाही. मत्सर होता. चांगला घसघशीत होता.

मी टॅक्सी चालवतो. परवान्याची. छातीवर बिल्ला, समोर मीटर, आणि सत्तावीस वर्षं एकच स्टँड, बस डेपोच्या भिंतीला लागून. साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बँकेत कॅशियर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली, महिनाभर घरात बसून धाकटीला स्वयंपाकातल्या चुका दाखवल्या, आणि तिने बाहेर काढल्यावर आपली पांढरी गाडी त्या ॲपवर लावली. म्हणे वेळ चांगला जातो. माझी हयात ज्यात गेली त्यात याचा वेळ जातो. बिल्ल्यासाठी मी परिवहन कार्यालयात अकरा खेपा घातल्या होत्या. याचे कागद घरात बसून चार दिवसांत झाले.

तेही मी गिळलं. पण त्या ॲपमध्ये प्रवासी चालकाला तारे देतात, पाचपैकी. साडूला चार पॉइंट नऊ एक आहेत. हे मला कसं माहीत, तर तो सांगतो. वाढदिवसाला सांगतो, कुणाला बघायला दवाखान्यात गेलो तर खाटेशेजारी उभा राहून सांगतो. मग माझी बायको कौतुकाने मान डोलावते आणि घरी येताना माझ्या टॅक्सीत मागे बसून म्हणते, "अहो, धाकटीच्या मिस्टरांच्या गाडीत पाण्याची बाटली असते." सत्तावीस वर्षांत मला एकही तारा मिळालेला नाही, कारण आमच्यात ती पद्धतच नाही. आमच्यात प्रवासी उतरतो, दार धाडकन लावतो आणि जातो. दार हळू लावलं तर तो खूश आहे असं आम्ही समजतो.

आता मुख्य मुद्दा. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गुरुवार, सकाळी आठला हजर व्हायचं. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात, आणि माझ्या लग्नापासून त्या माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलेल्या नाहीत. दात काढायला मी नेलं. पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याला दरवर्षी मीच नेतो. सासरे अचानक गेले, त्या दुपारी दोघांना दवाखान्यात मीच नेलं होतं, आणि येताना एकटीला मीच आणलं. त्यामुळे ऑपरेशनला कोण नेणार हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. अकरा दिवस आधी, रविवारी, बायकोने फोन ठेवला आणि शेंगा निवडता निवडता सांगितलं की आई धाकटीच्या मिस्टरांच्या गाडीतून जाणार आहे.

मी कारण विचारलं. ती म्हणाली, आईनेच तसं सांगितलं म्हणे, गाडी गार असते, धूळ येत नाही, डोळ्याचं काम आहे. मी म्हटलं ठीक आहे. त्या रात्री मी जेवलो नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही, कारण मी दुपारी उशिरा जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी पुसताना शेजारचे विमा एजंट आले. हे गृहस्थ सल्ला देताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवतात. माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं की काहीतरी झालंय, आणि माझं दुसरं बटण धरून त्यांनी मला ॲपचं कायदेशास्त्र समजावलं. नुसता एक तारा दिला तर काही होत नाही, शेकडो ताऱ्यांत तो बुडून जातो. पण एक तारा देऊन खाली 'सुरक्षितता' या रकान्यात तक्रार लिहिली, तर चौकशी होईपर्यंत चालकाचं खातं लगेच बंद ठेवतात. आठ-दहा दिवस सहज.

"म्हणजे गाडी घरी उभी," ते म्हणाले.

गाडी घरी उभी. हे तीन शब्द मला दिवसभर पुरले. आमच्यात परवाना निलंबित झाला की संपलं. मीटरला सील लागतं, कागद जमा होतात आणि टॅक्सीचं चाक हलत नाही. माझा एकदा नऊ दिवसांसाठी झाला होता, तर मी गॅस सिलिंडर आणायला सायकल मागून आणली होती. साडूची गाडी तशीच दहा दिवस घरी उभी राहिली, तर सासूबाई कुणाच्या गाडीतून जातील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी ॲप घेतलं. विमा एजंटांनीच फोनवर चढवून दिलं. मला वाटलं होतं की त्यात साडूचं नाव टाकलं की साडू येईल. तसं नसतं. जी गाडी जवळ असेल ती येते. पहिल्या दिवशी आली ती एका बाईंची निळी गाडी. नको म्हणून परत पाठवता येते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पाठवली नसती. आमच्याकडे भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. समोर आलेली गाडी नाकारायची म्हणजे तेच की. तेव्हा मी बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून मंडईपर्यंत गेलो.

मागे बसणं फार अवघड काम आहे, हे मला तेव्हा कळलं. समोर चौक येतो, सिग्नल पिवळा होतो आणि आपल्या पायाखाली काहीच नसतं. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला गेला आणि पुढच्या सीटवर आपटला. बाईंनी आरशातून पाहिलं. मी त्यांना सांगितलं की गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. त्या म्हणाल्या गाडी ऑटोमॅटिक आहे. मी म्हटलं तरी टाका.

असे मी चार दिवसांत पाच प्रवास केले. पाचही वेळा नको त्या ठिकाणी गेलो, आणि परत येण्यात माझा धंद्याचा वेळ गेला. एका चालकाला मी डेपोमागचा जवळचा रस्ता दाखवला, तर तो म्हणाला फोन दुसरीकडून सांगतोय. मी विचारलं, फोन इथे किती वर्षं आहे? दुसऱ्याने स्टेअरिंग एका हाताने धरलं होतं, त्याला मी दुसरा हात कुठे असावा ते सांगितलं. मी कुणाचाही अपमान केलेला नाही. मी फक्त मदत केली.

पाचवी गाडी मला नेमकी आमच्या स्टँडसमोरून घेऊन गेली, आणि सिग्नलला तिथेच थांबली. आमच्या स्टँडवर मास्तर म्हणून एक आहेत. ते मास्तर नाहीत, टॅक्सीच चालवतात, पण नंबरांची वही त्यांच्याकडे असते म्हणून मास्तर. स्टँडचा कायदा एकच, नंबर. जी गाडी आधी येऊन लागली तिचा पहिला नंबर, आणि आलेल्या प्रवाशाने पहिल्या गाडीतच बसायचं. मागच्या गाडीत सख्खा भाऊ असला तरी प्रवासी पहिल्याचा. पुढची गाडी सोडून कुणी मागच्या गाडीत बसला तर पुढच्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं समजतात. या कायद्याला वहीखेरीज कशाचाही आधार नाही, आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

तर मास्तरांनी मला त्या गाडीत पाहिलं. मागच्याच वर्षी या ॲपांच्या विरोधात आम्ही मोर्चा काढला होता आणि फलक माझ्या हातात होता. त्याचा फोटो स्टँडच्या पत्र्यावर अजून चिकटवलेला आहे. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे पाहिलं आणि वही उघडली. आठवडाभर मला शेवटचा नंबर मिळाला. मी त्यांना बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. ते ऐकून त्यांना माझी फार कीव आली, पण शिक्षा त्यांनी कमी केली नाही. जाताना एवढं म्हणाले, अरे, साडू राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून गाडी बोलाव, तोच जवळ असेल. सत्तावीस वर्षं प्रवासी शोधणाऱ्या माणसाला हे सुचू नये याचं मला वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी डोक्यावर टोपी, नाकातोंडावर फडकं आणि डोळ्यांवर बायकोचा उन्हाचा चष्मा लावून त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. ॲपमध्ये माझं नाव मी नुसतं 'प्रवासी' असं टाकलेलं होतं. बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत चार पॉइंट नऊ एक येऊन उभे राहिले.

गाडी गार होती, हे कबूल करायला हवं. खरोखर पाण्याची बाटली होती. सीटच्या खिशात कागदी रुमाल होते, आणि फोन चार्ज करायला तीन प्रकारच्या वायरी होत्या. साडूने विचारलं, एसी कमी करू का, गाणं चालेल का, खिडकीकडचं ऊन लागतंय का. मी आवाज बदलून फक्त हूं हूं करत होतो. माझ्या टॅक्सीत कुणी ऊन लागतंय म्हटलं तर मी पलीकडे सरका म्हणतो. ते आठवून मला आणखीच राग आला.

मग वाटेत तो आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "माझे थोरले साडू आहेत ना, ते टॅक्सीच चालवतात. हाडाचे ड्रायव्हर. त्यांच्यासारखी गाडी या शहरात कुणी चालवत नाही. मी आपला त्यांचं बघून बघून शिकलो."

फडक्याच्या आत माझा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. एक क्षण वाटलं, उतरावं आणि पाच तारे द्यावेत. आणि तेवढ्यात त्याने वळणावर क्लच अर्धा दाबून ठेवला. बघून बघून शिकला म्हणतो, आणि क्लच अर्धा! मी उतरलो, कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो, एक तारा दाबला, 'सुरक्षितता' हा रकाना उघडला आणि मन लावून लिहिलं. 'डावा आरसा दोन बोटं आत. वळणावर क्लच अर्धा दाबून ठेवण्याची खोड. मागचं डावं टायर आतून झिजलेलं, म्हणजे अलाइनमेंट गेलेली. ब्रेक उशिरा, पण हॉर्न लवकर.' एक अक्षर खोटं नव्हतं. वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला.

शनिवारी दुपारी खातं बंद झाल्याची बातमी धाकटीकडून आमच्याकडे आली. मी हळहळ व्यक्त केली. संध्याकाळी टॅक्सी धुतली, सीटवर नवे टॉवेल घातले, आणि गुरुवारी किती वाजता निघायचं ते बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास? आता तर ते मोकळेच आहेत."

मला कळेना. मी विचारलं की त्याची गाडी बंद झाली ना? ती म्हणाली गाडी कशाला बंद होईल, ॲप बंद झालंय. गाडी त्यांच्या घरची आहे. आधी तो बिचारा म्हणत होता की प्रवाशांतून वेळ काढून कसंतरी जमवतो. आता दिवसभर रिकामाच आहे, तर रक्त तपासायला, साखर बघायला, डोळ्यात घालायचे थेंब आणायला, सगळीकडे तोच नेतोय. आई म्हणत होती, माझ्यासाठी धंदा बंद ठेवलान् पोराने.

मी पलंगावर बसलो. माझ्या हाताने, माझ्या बोटाने, मी त्याला सासूबाईंच्या दाराशी नेऊन उभा केला होता. रविवार, सोमवार, दोन्ही दिवस स्टँडवर शेवटच्या नंबरला उभ्या असलेल्या मला ती पांढरी गाडी दिसायची, आणि पुढच्या सीटवर सासूबाई. खिडकीची काच वर असायची. मला हात करायला त्यांना काच खाली घ्यावी लागायची, आणि त्या घ्यायच्या. त्याने जास्तच त्रास व्हायचा.

आता एकच उपाय होता. तक्रार मागे घ्यायची, त्याचं खातं सुरू करायचं आणि त्याला पुन्हा कामाला लावायचं. मी हेल्पलाइनला फोन केला. तिथे एक गोड आवाज म्हणाला की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी म्हटलं मोलाचा आहे म्हणूनच परत हवाय. त्यावर संगीत लागलं. मंगळवारी मी त्यांच्या कार्यालयात गेलो. पाचवा मजला, सगळीकडे काच, बसायला रंगीत गोळे. परिवहन कार्यालयात निदान बाक असतो, आणि तिथे तीन प्रतींत अर्ज दिला की मेलेला परवानासुद्धा जिवंत होतो. इथे अर्ज हा प्रकारच नव्हता. गोळ्यावर तोल सांभाळत मी दीड तास बसलो आणि मग काउंटरवरच्या मुलीने मला बोलावलं.

तिने यंत्रात पाहिलं आणि सांगितलं की तक्रार मागे घेता येते, पण त्यासाठी प्रवाशाला स्वतःला किमान साडेतीन तारे असावे लागतात. प्रवाशालाही तारे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. चालकही प्रवाशाला देतात. मला दोन पॉइंट आठ होते.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सत्तावीस वर्षं या शहराला वाहून नेणाऱ्या माणसाला दोन पॉइंट आठ. मी तिला विचारलं, काय म्हणून? तिने वाचून दाखवलं. सतत सूचना करतात. सीटला लाथ मारतात. फोनशी भांडतात. मग ती जरा थांबली आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पण काका, एका चालकाने तुम्हाला पाच दिले आहेत. शुक्रवारी."

शुक्रवारी मी एकाच गाडीत बसलो होतो. मी बाटलीतलं पाणी प्यायलो नव्हतो, त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, हूं हूं केलं होतं. असल्या प्रवाशालाही याने पाच दिले. म्हणजे इथेही तोच चांगला ठरला. लिफ्टने उतरताना मला शरम वाटत होती आणि मत्सरही वाटत होता.

बुधवारी मी ठरवलं. बाकी सगळं जाऊ दे, पण नंबर तर आहे. गुरुवारी सकाळी साडेसहाला मी सासूबाईंच्या फाटकाशी टॅक्सी लावली. सव्वासातला साडू आला. मला बघून हसला, आणि मुकाट्याने माझ्या मागे गाडी लावली. आमच्या स्टँडचा कायदा त्याला कुणी शिकवला नव्हता, पण जागाच तेवढी होती. मी खाली उतरून मागचं दार उघडून उभा राहिलो. पहिला नंबर माझा. पुढे काय ते सासूबाईंनी ठरवायचं, आणि पहिली गाडी सोडून कुणी जात नाही.

सासूबाई खाली आल्या, एका हाताला माझी बायको, दुसऱ्या हाताला धाकटी. दोघींची नाकं आधीच लाल झाली होती. सासूबाईंनी मला पाहिलं, टॅक्सीला पाहिलं, नव्या टॉवेलांवरून हात फिरवला. आणि पुढे गेल्या. साडूच्या गाडीपर्यंत गेल्या आणि त्याचं मागचं दार उघडून आत बसल्या.

मी उघडं दार धरून तसाच उभा होतो. स्टँडवरचं कुणी नव्हतं हे नशीब. बायकोकडे बघवेना, म्हणून मी टॉवेलाकडे बघत होतो. मग सासूबाईंची हाक आली.

"जावईबापू, या ना. बसा लवकर, उशीर होतोय."

मी म्हटलं मी माझ्या गाडीने मागून येतो. त्या म्हणाल्या मागून येऊन काय करणार? मी जवळ गेलो. त्यांनी सीटवर शेजारी हात आपटला, जसा एखाद्या हट्टी मुलाला बसायला सांगताना आपटतात तसा.

"धाकटीला मी सांगितलं होतं, की गाडी तिच्या यांची आणि शेजारी थोरले जावई. तिने नुसतं गाडीचंच सांगितलं वाटतं." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "मला भीती वाटतेय हो. डोळ्याला सुरी लावणार. मुली बसल्या तर माझ्याआधी त्याच रडतील. सत्तावीस वर्षं मी तुमच्या गाडीत बसते आणि तुमची मान बघते. ह्यांना नेलं त्या दुपारीही ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि समोर तुमची मान. तेव्हाच वाटलं होतं, गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी आणि तुम्ही मागे माझ्याजवळ यावं. तेव्हा दुसरा कुणी नव्हता. आता आहे."

मी टॅक्सीला कुलूप लावलं. दोघी बहिणी डोळे पुसत फाटकाशीच राहिल्या. मी साडूच्या गाडीत मागे बसलो, आणि सासूबाईंनी माझा हात धरला. हात गार होता. या हाताने मला कित्येकदा घरातून डबा दिला होता, पण धरला कधीच नव्हता.

साडूने गाडी सुरू केली. पहिला चौक आला. सिग्नलला थांबल्यावर त्याने बटण दाबून डावा आरसा बाहेर सरकवला, आणि समोर बघतच म्हणाला, "साडूभाऊ, दोन बोटं बाहेर काढलाय. आता बरोबर आहे का बघा."

एसी चालू असून माझ्या कपाळाला घाम फुटला. त्या तक्रारीखाली नाव नव्हतं, पण आरसा बोटांनी मोजणारा प्रवासी या शहरात दुसरा कोण असणार होता? मला वाटलं आता हा सगळं काढेल, सासूबाईंच्या देखत. त्याने काही काढलं नाही. एवढंच म्हणाला की टायर काल बदललं, क्लचचं अजून जमत नाही, आणि त्या दिवशी तुमचं कौतुक केलं ते खरंच होतं, पण मनात होतं की निदान चार तरी द्याल.

"कसले चार?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई," तो म्हणाला. "आमचं धंद्यातलं आहे."

पुढे मी त्याच्या मानेकडे बघत बसलो. दुसरं बघायला काही नव्हतं. खाली कॉलर पांढरी, इस्त्रीची. वर केस सरळ रेषेत कापलेले, आणि मानेवर एक लव नाही, गुळगुळीत. मी आपला हात आपल्या मानेमागे नेऊन पाहिला. मग पुढे एक रिक्षा आडवी आली आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मघापासून माझ्या पायावर ब्रेक दाबताय." मी पाय काढला. हात मात्र त्यांनी सोडला नाही, थेट ऑपरेशनच्या दारापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. येताना उजव्या डोळ्यावर पांढरं झाकण होतं आणि सासूबाई एकदम खुशीत होत्या. म्हणाल्या, काही कळलं नाही, उगाच घाबरले. गाडीत बसल्या बसल्या साडूने विचारलं एसी कमी करू का. आणि मी, अजून मागे बसलेला मी, त्याला म्हटलं की डावीकडून घे, डेपोमागून रस्ता जवळचा आहे. त्याने फोन बंद केला आणि डावीकडून घेतलं. क्लच पूर्ण सोडला. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याचाही मला जरा रागच आला.

फाटकाशी उतरताना सासूबाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. माझी टॅक्सी तिथेच उभी होती, पहिल्या नंबरला, नवे टॉवेल घालून. तिच्याकडे एका डोळ्याने बघून त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी तपासायला बोलावलंय. त्या दिवशी तुमची गाडी. नव्या डोळ्याने तुमची मान एकदा नीट बघायची आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर न जाता आधी न्हाव्याकडे गेलो. त्याने विचारलं पुढून किती कमी करू? मी म्हटलं पुढचं राहू दे, मागचं नीट कर. आणि मग आरसा मागे धरून दाखव.